तांब्याचा बेडूक

मत्स्य होऊन जो प्रलयजळात पोहला, कूर्म होऊन जो तळाशी भार घेऊन बसला, वराह होऊन ज्याने चिखलाचा संकोच मानला नाही, त्या नारायणाच्या चरणी आधी मस्तक ठेवावे. वाणी त्याची, श्रवणही त्याचेच. श्रोतेजनहो, कथा लहान आहे; सावकाश ऐकावी.

"पाणी का राहात नाही, बाबा?"

त्रिमलबाबा मठीच्या पायरीवर बसून पूजेसाठी दूर्वा निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुठे राहात नाही?"

"माझ्या तळ्यात."

"तुझ्या…" बाबांनी एक पिवळी काडी बाजूला टाकली. "मग तुलाच ठाऊक असायला हवे."

वैजनाथशास्त्री पायरीखाली उभे होते. अंगावर स्वच्छ धूतवस्त्र, कपाळी रेखीव गंध, आणि डोळ्यांत रात्रभर न मिटलेल्या पापण्यांची लाली.

शास्त्रीबुवा देशावरचे, नदीकाठचे. घाट बांधावा तो त्यांनी, बारव उतरवावी ती त्यांनी, अशी त्यांची ख्याती. ग्रंथ मुखोद्गत आणि ओळंबा हाती. अशा माणसाला उतारवयात एकच तहान लागली. त्रिमलबाबांचा अनुग्रह मिळावा, त्यांच्या मुखातून नाम कानी पडावे, एवढ्यासाठी ते घाट चढून सह्याद्रीच्या या उघड्या सड्यावर, कातळाच्या पठारावर, आले होते.

बाबांनी तेव्हा त्यांना पाणी दिले, बसवले, आणि सड्याकडे बोट केले होते.

"इथे पाऊस कोसळतो आणि दिवाळीला जीभ कोरडी पडते. जांभा दगड सारे पिऊन टाकतो. तू तळी बांधतोस ना? एक इथे बांध. चैत्रात ज्या दिवशी त्यात पाणी दिसेल, त्या दिवशी ये. जे मागशील ते देईन."

शास्त्रीबुवा मनात हसले होते. परीक्षा म्हणावी तर इतकी सोपी.

पहिल्या वर्षी त्यांनी तळाला चुन्याचा गिलावा दिला. मार्गशीर्षात गिलावा तडकला आणि पाणी निघून गेले. पुढच्या वर्षी चुना खणून काढला, दरीतून चिकणमाती आणवली, थर देऊन धुमसाने ठोकून घेतली. पौषात तळ उघडा पडला.

आता पुन्हा आश्विन आला होता. काठावर रोवलेली खुणेची काठी रोज थोडी थोडी उघडी पडत होती. शास्त्रीबुवा पहाटे उठून आधी काठी पाहात, मग सूर्याला अर्घ्य देत.

आणि मधल्या काळात बाबांना खोकला जडला होता. भजनात त्यांचा सूर अर्ध्यावर तुटे. काल ते सहज म्हणाले होते, "पुढचा पाऊस या देहाने पाहिला तर पाहिला."

त्या वाक्याने शास्त्रीबुवांची झोप गेली होती.

"बाबा," ते म्हणाले, "कसूर कुठे राहिली ते तरी सांगा. मी शास्त्राबाहेर एक पाऊल टाकलेले नाही. उत्सर्गविधी यथासांग केला. तळे सर्व भूतांना अर्पण केले, तसा संकल्प सोडला. सोन्याचे कासव टाकले, रुप्याचा मासा टाकला, तांब्याचा बेडूक टाकला, तांब्याचा खेकडा टाकला. रुपे माझ्या आईच्या पैंजणांचे होते."

"आणि गाय?"

"गाय पाण्यात उतरवली. तिची शेपटी धरून मी मागोमाग चाललो. पलीकडच्या काठाला लागलो."

"मग?"

"मग शेपटी सोडली, स्नान केले, गाय दान दिली."

"मग?"

"मग… सभोवार काटेरी कुंपण घातले. फाटक केले."

"कशाला?"

"वाडीवरच्या म्हशी येऊन घाण करतात म्हणून. हे पाणी देवाच्या अभिषेकाचे."

बाबांच्या हातातल्या दूर्वा थांबल्या.

तेवढ्यात सड्याच्या उतारावरून हाळी आली. "बाबा, हायसा का?"

लखूबाई गवळीण दह्याचे मडके डोक्यावर घेऊन चढत होती. गवळी धनगरांच्या वाडीतली ही म्हातारी. बाबांची सेवा म्हणून दही आणून देई आणि शास्त्रीबुवांची फिरकी घेतल्यावाचून परत जात नसे.

तिने मडके पायरीवर ठेवले आणि शास्त्रीबुवांच्या चेहऱ्याकडे पाहिले.

"तळं निघालं वाटतं परत प्रवासाला?"

शास्त्रीबुवांनी उपरणे झटकले.

"शास्त्रीबुवा, वरच्या दाराला तुम्ही फाटक लावलंत. पाणी खालच्या दारानं गेलं. त्याला कोण काय करील?"

बाबा हसले आणि हसता हसता खोकले.

"लखूबाई," बाबा म्हणाले, "म्हशी कुठे आहेत?"

"कुठं असणार, डबक्यात. ती काजळी एक आहे ना, तिच्या मागनं सगळ्या. किती वरडा, बाहेर येतील तर शपथ. सगळा जन्म चिखलात. दूध काढायला बसावं तर आधी खरवडून काढावं लागतं. असली आळशी जात देवानं कशाला घडवली, तुम्हीच विचारा त्याला."

"विचारतो," म्हणून बाबांनी काठी उचलली. "चल वैजनाथ."

"कुठे?"

"देवाला विचारायला."

डबके उतारावर होते, किंजळाच्या झाडाखाली. शास्त्रीबुवा येता जाता नाकाला उपरणे लावून त्याच्या बाजूने जात. आज पहिल्यांदा ते त्याच्यासमोर उभे राहिले.

पाण्यातून फक्त शिंगे आणि नाकपुड्या वर होत्या. काजळी मधोमध बसली होती, समाधीत बसावी तशी. तिच्या पाठीवर एक गायबगळा उभा होता.

"काय दिसते?"

"चिखल."

"बस."

शास्त्रीबुवा एका दगडावर बसले. बाबाही बसले. ऊन किंजळाच्या पानांतून खाली सरकत राहिले.

बराच वेळ काही घडले नाही. मग घडत होते ते दिसू लागले.

काठावर खुरांचे ठसे होते. प्रत्येक ठशात ओंजळभर पाणी साचले होते आणि प्रत्येक ओंजळीत काळे टिंब हलत होते. बेडकांची पिल्ले. पायांचे कोंब फुटलेली, न फुटलेली. चतुर येऊन शेपटी पाण्याला टेकवून जात होते. टिटवी पलीकडच्या कोरड्या मातीवर धावत होती. पाणकणसाच्या दाट गवतात काहीतरी डुबुक करून नाहीसे झाले.

"हे सारे इथे कोणी आणले?" शास्त्रीबुवा पुटपुटले.

बाबांनी ओठांवर बोट ठेवले.

काजळी उठली. संथपणे, जडपणे, जणू पृथ्वीचाच एक तुकडा उठावा. अंगावर चिखलाचा जाड थर घेऊन ती काठ चढली आणि किंजळाच्या बुंध्याला अंग घासू लागली. चिखल गळून झाडाच्या मुळाशी पडला. तिथे आधीच मातीचा उंचवटा झाला होता आणि त्यावर कोवळी रोपे उभी होती.

शास्त्रीबुवांचे डोळे बारीक झाले. घाट बांधणाऱ्याचे डोळे होते ते.

"बाबा… ही रोज माती बाहेर काढते."

"हं."

"म्हणजे डबके दरवर्षी खोल होते. कोणी न खणता."

"तिला विचार. ती म्हणेल, मला उकडत होते."

शास्त्रीबुवा उठले. उपरणे नाकावर घ्यायचे ते विसरले. काठाशी वाकून त्यांनी मनगटापर्यंत हात चिखलात घातला. वरचा थर लोण्यासारखा मऊ होता. त्याखाली बोटे अडली. कुंभाराने तुडवून तुडवून एकजीव केलेली माती असावी तसा, कुठे सांध नाही, कुठे खडा नाही. त्यांनी नखाने तो थर फोडला. त्याच्या खाली जांभा होता. बोटांना कोरडा लागला.

ते तसेच वाकून राहिले.

त्यांनी धुमस घेऊन माणसे उभी केली होती. ठोकले, थर दिले, ओळंबा धरला. माती दबली होती, एकजीव झाली नव्हती. आणि इथे उन्हाला कंटाळलेली जनावरे आळस देत कूस बदलत होती, आणि कुशीबरोबर तळ घोटला जात होता.

"घरची जमीन कशाने सारवतात रे?" मागून बाबांचा आवाज आला.

"शेणामातीने."

"कोण सारवते?"

"घरची लक्ष्मी."

काजळी पुन्हा पाण्यात उतरली. पायाखालचा चिखल दबल्याचा ओला आवाज आला.

परतताना बाबांनी वाट सोडली. ते थेट तळ्याकडे गेले आणि फाटकापाशी थांबले.

"उघड."

शास्त्रीबुवांना कळले. कळले आणि त्यांनी आगळ घट्ट धरली.

"बाबा, अजून पाणी आहे. असेल ते मी जपतो आहे. म्हशी आत गेल्या तर ते आजच गढूळ होईल. अभिषेकाला…"

"चैत्रात अभिषेक कशाने करणार?"

"पण विधी झालेला आहे. हे तीर्थ आहे."

"आत काय काय टाकलेस म्हणालास?"

"कासव. मासा. खेकडा. बेडूक."

"ओरडतो का बेडूक?"

शास्त्रीबुवांची मान खाली गेली.

"धातूचे आत आणि जिवंत बाहेर," बाबा हळूच म्हणाले. "संकल्पात कोणाचे नाव घेतले होतेस?"

"सर्व भूतांचे."

वारा काटेरी कुंपणातून शिटी घालत गेला. शास्त्रीबुवांचा हात फाटकाच्या आगळीवर होता. आगळ निघत नव्हती, की हातच निघत नव्हता, ते त्यांनाही सांगता आले नसते. आत उरलेले पाणी म्हणजे त्यांचा उरलेला अनुग्रह होता. ते गढूळ करायचे, कदाचित चार दिवस आधीच गमावायचे. आणि पुढचा पाऊस… पुढच्या पावसाला कोण असेल?

"बाबा, हे फसले तर?"

"तर मी तुला काही देणार नाही."

"तुम्ही तरी असाल का द्यायला?"

बाबांनी सहज आकाशाकडे पाहिले.

"ते मला ठाऊक नाही… तुला पाणी हवे आहे की मी?"

शास्त्रीबुवांनी एकदा पाण्याकडे पाहिले.

मग आगळ निघाली.

लखूबाईला हाक गेली. ती म्हशी हाकत आली आणि उघडे फाटक पाहून थबकली.

"आत? शास्त्रीबुवांच्या देवघरात?" तिने पदर तोंडाला लावला. "बाबा, आमच्या म्हशी वेद बोलणाऱ्यांपैकी नव्हेत हो. नुसत्या लोळतात."

"तेवढेच हवे आहे," बाबा म्हणाले.

काजळी फाटकात आली आणि उभी राहिली. नवी जागा. तिने नाक वर करून हुंगले आणि ती मागे फिरू लागली.

तेव्हा त्रिमलबाबा पुढे झाले. त्यांनी छाटी कंबरेला खोचली. दोन्ही हात जोडून म्हशीला नमस्कार केला आणि तिची चिखलाने राठ झालेली शेपटी हातात धरली.

"चल माये. मला पैलतीर दाखव."

काजळी चालू लागली. म्हातारी बोटे शेपटीला धरून, खोकत, घसरत, बाबा तिच्या मागे तळ्यात उतरले. गुडघ्यापर्यंत, मग मांडीपर्यंत. मागून साऱ्या म्हशी आल्या. निळे पाणी बघता बघता तांबडे झाले.

शास्त्रीबुवा काठावर उभे होते. अंगावर धूतवस्त्र होते.

पाण्याच्या मध्यावर बाबांचा पाय रुतला. ते डगमगले.

शास्त्रीबुवा कधी उतरले ते त्यांनाच कळले नाही. दोन ढांगांत ते बाबांपाशी पोहोचले होते. एका हाताने गुरूला सावरले, आणि तोल राहावा म्हणून दुसऱ्या हाताने जवळचे होते ते धरले. ती काजळीची शेपटी होती.

"पलीकडे पोहोचल्यावर सोडू नकोस हो," बाबा खोकत म्हणाले. "मागच्या वेळी सोडली होतीस."

लखूबाई काठावर उभी राहून हसत होती. हसता हसता तिने हात केव्हा जोडले, तिलाही कळले नसावे.

त्या दिवसापासून फाटक मिटले नाही. पुढे ते वाऱ्याने पडले आणि चुलीत गेले.

आश्विनात म्हशी रोज आल्या. कार्तिकात काठी उघडी पडण्याचा वेग मंदावला. मार्गशीर्षात शास्त्रीबुवांनी काठी पाहण्याचे सोडले, कारण एका सकाळी काजळीने ती अंग खाजवता खाजवता मोडून टाकली होती. त्या सकाळी त्यांना स्वतःच्या हसण्याचा आवाज ऐकू आला आणि त्यांना तो ओळखू येईना.

पाणी गढूळ होते. मग शास्त्रीबुवांनी काठापासून हातभर अंतरावर ओल्या वाळूत एक खळगा केला. घटकेभरात तो निवळशंख पाण्याने भरला. त्या पाण्याने बाबांच्या देवाचा अभिषेक चालू लागला. त्याच पाण्याने लखूबाईची घागर भरू लागली.

पौष आला, माघ आला. सड्यावरचे गवत वाळून सोनेरी झाले. दरीतले ओढे आटले. तळ्यात पाणी होते.

फाल्गुनात बाबांना पायरीपर्यंत येणे जड जाऊ लागले. शास्त्रीबुवा रोज संध्याकाळी त्यांच्या उशाशी बसून तळ्याची वार्ता सांगत. आज बगळे आले. आज खेकड्याचे बीळ दिसले, कोण जाणे कुठून चालत आला. आज ओल्या मातीवर भेकराच्या खुरांची नक्षी उमटली होती आणि तिच्याशेजारी रानमांजराचे पंजे. आज काठावर एक रोप उगवले आहे, नाव ठाऊक नाही. पूर्वी याच माणसाच्या बोलण्यात 'माझे तळे' याखेरीज शब्द नसे. आता तो शब्द कुठे गळून पडला, हे बाबांनी विचारले नाही आणि शास्त्रीबुवांच्या ध्यानात आले नाही.

बाबा डोळे मिटून ऐकत. चेहरा असा, की कोणी नामसंकीर्तन करत आहे.

चैत्र उजाडला.

शास्त्रीबुवा पहाटे तळ्यावर गेले. पाणी कमी झाले होते. तरी आकाश मावेल एवढे होते. काठाच्या चिखलात काजळीच्या खुराचा खोल ठसा उमटला होता, आणि त्या खुराने तळाशी रुतलेले काहीतरी वर आणले होते. हिरवट, ओळखीचे.

तो त्यांचा तांब्याचा बेडूक होता.

त्यांनी हात पुढे केला आणि थांबवला. तांब्याच्या बेडकाच्या पाठीवर एक जिवंत बेडूक बसला होता. गळ्याची कातडी वरखाली होत होती. त्याने शास्त्रीबुवांकडे पाहिले, न पाहिल्यासारखे केले, आणि एकदाच, भरघोस आवाजात, ओरडला.

पलीकडून दुसऱ्याने उत्तर दिले. मग तिसऱ्याने. सारे तळे बोलू लागले.

शास्त्रीबुवा तिथेच चिखलात बसले. जे रडू त्यांना कोरड्या तळ्यापाशी कधी आले नव्हते, ते भरल्या तळ्यापाशी आले.

तांब्याचा बेडूक त्यांनी तसाच ठेवला. जाग्यावरून हलवला नाही. मठीत आले तेव्हा हातात काहीच नव्हते. पायांना, धोतराला, हातांना चिखल होता आणि तो धुवायचे राहून गेले होते.

बाबा अंथरुणावर उठून बसले होते.

"चैत्र लागला," शास्त्रीबुवा म्हणाले.

"हं."

"पाणी आहे."

"हं."

"पण बाबा… ते मी राखले नाही. त्या दिवशी तुम्ही म्हणालात, जे मागशील ते देईन. आज मागायला तोंड उघडत नाही. अनुग्रहाचा अधिकार असेल तर काजळीचा आहे."

बाहेर, उघड्या दारातून, बेडकांचा कल्लोळ ऐकू येत होता.

"जवळ ये."

शास्त्रीबुवा गुडघ्यांवर सरकत जवळ गेले.

बाबांनी त्यांच्या धोतरावरचा ओला चिखल बोटाने घेतला. आज कपाळी गंध नव्हते. तिथे त्यांनी तो चिखल लावला, टिळा लावतात तसा, हलक्या हाताने. मग तोंड त्यांच्या कानाशी नेले आणि नाम सांगितले.

शास्त्रीबुवांचे डोळे मिटले होते.

बाबा मागे टेकले.

"आता पाणी राहील."

श्रोतेजनहो, तुमच्या घरचे माठ भरलेले राहोत. गोठ्यातले मुके जीव आणि अंगणात न बोलावता येणारे पाहुणे, दोघांनाही तुमच्या दारी ओल मिळो. ज्याने चिखलात उतरून पृथ्वी वर काढली, तो तुम्हा सर्वांच्या घरी सुखाने नांदो.